न बोललेलं वाक्य पकडायचं कसं: रीझनिंगमधले गृहीतकाचे प्रश्न, "तर" आणि "तरच"

परवा सकाळी सातला अभ्यासिकेखालच्या टपरीवर गेलो तर शटर अर्धं खाली आणि काका कुठे दिसेनात. सोबतचा मित्र म्हणाला, "काका गावाला गेलेत वाटतं, म्हणजे आज चहा बोंबलला." आम्ही वळणार तेवढ्यात काकूंनी आतून शटर वर ढकललं आणि स्टोव्ह पेटवला. मजा बघा, मित्राचं पहिलं वाक्य बरोबर होतं, काका खरंच गावाला गेले होते. तरी दुसरं वाक्य आपटलं, कारण मधलं एक वाक्य तो बोललाच नव्हता: काका नसले की टपरी चालवायला दुसरं कोणी नाही.

हे मधलं न बोललेलं वाक्य म्हणजेच गृहीतक. बँकेच्या परीक्षांत "विधान आणि गृहीतके" म्हणून येतं, यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, पॅसेजखाली येतं (हिंदीत वाचणाऱ्यांना "पूर्वधारणाएँ" हा शब्द दिसेल), एमपीएससीत येतं, एमबीए सीईटीत येतं, लॉच्या क्लॅटमध्ये पॅसेजवर येतं, आणि बाहेर मॅनेजमेंट किंवा लॉ शिकायला जाणाऱ्यांच्या जीमॅट-एलसॅटमध्ये तर हा मोठा विषय आहे. एलसॅटमधून ऑगस्ट २०२४ पासून ते कोड्यांचं लॉजिक गेम्स सेक्शन काढून टाकलं आणि लॉजिकल रीझनिंगचे मार्क धरले जाणारे सेक्शन दोन झाले, म्हणजे अमेरिकेत लॉ करायचा विचार असेल तर या प्रश्नांपासून सुटका नाही.

मी स्वतः या प्रश्नांत बराच काळ मार खाल्ला. गणित बरं होतं, बैठकव्यवस्थेची कोडी सुटायची, पण गृहीतक आलं की दोन ऑप्शनमध्ये अडकायचो आणि हमखास चुकीचा टिक करायचो, आणि सोल्युशन वाचलं की "अरे हो की" असं वाटायचं, पण पुढच्या मॉकमध्ये परत तेच. नंतर कळलं की मला लॉजिक येत नव्हतं असं नाही, मी प्रश्नच चुकीचा वाचत होतो. "यातलं पटण्यासारखं काय" हे मी शोधत होतो. प्रश्न विचारत असतो की या माणसाचं म्हणणं कशावर उभं आहे. खाली जे लिहितोय ते त्या चुकांमधून जमवलेलं आहे, ज्या क्रमाने पेपरात करायचं त्याच क्रमाने.

आधी निष्कर्ष पकडा, पेन्सिलीने

ऑप्शनकडे बघू नका. आधी उताऱ्यात माणूस काय पटवून देतोय ते एक वाक्य शोधा आणि त्याच्याखाली रेघ मारा (पेपर कॉम्प्युटरवर असेल तर कच्च्या कागदावर दोन-तीन शब्दांत लिहा). म्हणून, त्यामुळे, यावरून, तेव्हा, सबब, साहजिकच हे शब्द निष्कर्षाच्या आधी येतात. कारण, -मुळे, -असल्याने हे कारणाला चिकटलेले असतात. सरकारी भाषेत "ज्याअर्थी" आलं की कारण आणि "त्याअर्थी" आलं की निष्कर्ष, ती मंडळी आपलं काम सोपं करून ठेवतात.

पण नुसत्या शब्दांवर विसंबू नका, कारण पेपर काढणाऱ्यालाही हे शब्द माहीत असतात आणि तो मुद्दाम गाळतो. हे बघा:

"शहरातली सायकल ट्रॅकची योजना गुंडाळावी. तीन वर्षं झाली, ट्रॅकवर सायकली कमी आणि पार्क केलेल्या गाड्याच जास्त दिसतात."

यात "म्हणून" कुठेच नाही आणि निष्कर्ष पहिल्याच वाक्यात येऊन बसलाय. अशा वेळी प्रत्येक वाक्याला "कशावरून?" असं विचारायचं. "योजना गुंडाळावी." कशावरून? "ट्रॅकवर गाड्या उभ्या असतात यावरून." उत्तर मिळालं, म्हणजे हे वाक्य निष्कर्ष. आता उलट करून बघा. "गाड्या उभ्या असतात." कशावरून? "योजना गुंडाळावी यावरून"? काहीतरीच. म्हणजे ते कारण. एवढं साधं आहे, पण घाईत मुलं कारणालाच निष्कर्ष समजतात आणि मग पुढचं सगळंच गंडतं. कधीकधी "त्यामुळे" दोनदा येतं, तेव्हा दुसऱ्या कशाचंच कारण नसलेलं शेवटचं टोक म्हणजे खरा निष्कर्ष.

मग बघा, निष्कर्षात कुठला शब्द रिकाम्या हाताने आलाय

कारण आणि निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवायचे आणि दोन्हीकडे असलेले शब्द मनात खोडायचे. जे उरतं तिथे खड्डा असतो.

"आमच्या मेसमध्ये भाकरी मिळत नाही. म्हणून तिथलं जेवण पौष्टिक नाही."

मेस आणि जेवण दोन्हीकडे आहे, सोडा. कारणात "भाकरी" एकटी उरली, निष्कर्षात "पौष्टिक" एकटा उरला. भाकरीचा आणि पौष्टिक असण्याचा संबंध काय ते कोणीच सांगितलं नाही. गृहीतक याच दोन अनाथ शब्दांना जोडणारं असणार, म्हणून ज्या ऑप्शनमध्ये मेसचे दर, मुलांची आवड किंवा मेसवाल्याचा स्वभाव आहे तो बघायचीही गरज नाही.

आपल्याकडे न्यायशास्त्रात (कोर्टाचं नाही, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) हे फार जुनं आहे. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे, हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. ते पाच पायऱ्यांत मांडायचे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर "जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात" हे मोठ्याने सांगावं लागायचं, आणि या धूर-आगीच्या कायमच्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. परीक्षेचा पेपर काढणारा काय करतो, तर ही तिसरी पायरी उचलतो आणि चार ऑप्शनमध्ये लपवून ठेवतो. धूर तुमच्यासमोर, आग तुमच्यासमोर, मधला दुवा तुम्ही शोधायचा.

खड्डा दिसला की ऑप्शन वाचायच्या आधी स्वतःच्या शब्दांत ते वाक्य मनात बोला. ओबडधोबड चालेल. "भाकरी नाही म्हणजे पौष्टिक नाही असं याला वाटतंय." यात पाचेक सेकंद जातात, पण ऑप्शन वाचताना डोकं भरकटत नाही. ऑप्शन हे वकिलासारखे असतात हो, एकेक वाचत गेलात की प्रत्येकाचं पटायला लागतं.

आता मुख्य गोष्ट: प्रश्न "तर"चा आहे की "तरच"चा

इंग्रजीत याला दोन वेगळी जड नावं आहेत आणि लोक त्यात अडकून पडतात. मराठीत हे काम एक अक्षर करतं.

"अभ्यास केलास तर पास होशील" आणि "अभ्यास केलास तरच पास होशील." पहिल्या वाक्यात अभ्यास पुरेसा आहे, केला की काम झालं. दुसऱ्यात अभ्यास आवश्यक आहे, केला नाही तर गेलात, पण केला म्हणून पास व्हालच असं काही वचन दिलेलं नाही. आई नेहमी दुसरं वाक्य बोलते आणि मुलगा नेहमी पहिलं ऐकतो.

गृहीतकाचे प्रश्नही असेच दोन जातीचे. एका जातीत विचारतात, "हा युक्तिवाद कशावर अवलंबून आहे", "लेखकाने काय गृहीत धरलंय", "कोणतं गृहीतक आवश्यक आहे". हा "तरच"चा प्रश्न: अमुक खरं असेल तरच निष्कर्ष टिकेल. दुसऱ्या जातीत विचारतात, "खालीलपैकी काय गृहीत धरलं तर निष्कर्ष निश्चितपणे निघतो". हा "तर"चा प्रश्न: अमुक खरं असेल तर निष्कर्ष आपोआप सिद्ध. आपल्याकडच्या बँक, सीसॅट, सीईटी वगैरे परीक्षांत बहुतेक वेळा "तरच"ची जात असते. जीमॅटमध्येही गृहीतक विचारलं तर साधारण तीच. एलसॅटमध्ये दोन्ही येतात आणि तिथे प्रश्नाची शेवटची ओळ नीट वाचली नाही तर खेळ खल्लास.

मेसवर परत या. दोन ऑप्शन समजा:

एक: ज्या जेवणात भाकरी नसते ते कुठलंच जेवण पौष्टिक नसतं.
दोन: त्या मेसमधले बाकीचे पदार्थ भाकरीची उणीव भरून काढत नाहीत.

मी कितीतरी दिवस पहिलाच टिक करायचो, कारण तो कसा दणदणीत आहे, मान्य केला की विषय संपला. बरोबर, म्हणजे तो "तर"चा आहे. पण बोलणाऱ्याला एवढं मोठं विधान मान्य करायची गरज आहे का? तो एका मेसबद्दल बोलतोय. जगात कुठेतरी केरळात कोणी भाकरीशिवाय मस्त पौष्टिक जेवत असेल, त्याने या माणसाच्या म्हणण्याला काही धक्का लागत नाही, तो म्हणेल "असेल बाबा, पण आमच्या मेसमध्ये तसलं काही मिळत नाही". दुसऱ्या ऑप्शनचं तसं नाही. बाकीच्या पदार्थांनी उणीव भरून निघत असेल, डाळी, उसळी, पालेभाज्या सगळं व्यवस्थित असेल, तर याचं म्हणणं तिथेच कोसळतं. म्हणजे दुसरा "तरच"चा. प्रश्नात "आवश्यक" विचारलं असेल तर उत्तर दोन, आणि "निश्चितपणे निघतो" विचारलं असेल तर उत्तर एक. उतारा तोच, ऑप्शन तेच, प्रश्नाच्या ओळीवर उत्तर फिरलं.

यातूनच तो प्रसिद्ध सल्लाही तपासून घ्या, की "सर्व, कुठलंच, नेहमी, फक्त असे टोकाचे शब्द असलेला ऑप्शन खोडा". "तरच"च्या प्रश्नात हा सल्ला पुष्कळदा चालतो, कारण बोलणाऱ्याला तेवढ्या टोकाची गरज नसते. "तर"च्या प्रश्नात हाच सल्ला तुम्हाला बुडवतो, तिथे दणदणीत ऑप्शनच हवा असतो. आणि उताऱ्याचा निष्कर्षच टोकाचा असेल ("एकही गाव वंचित राहणार नाही") तर "तरच"च्या प्रश्नातही टोकाचं गृहीतक लागू शकतं.

उलटवून बघा

"तरच"च्या प्रश्नात दोन ऑप्शन उरले की ही चाचणी लावायची. ऑप्शन उलटवा, म्हणजे त्याचा नकार करा, आणि तो नकार खरा धरून निष्कर्ष वाचा. निष्कर्ष पडला तर ते गृहीतक. निष्कर्ष "मला काय त्याचं" म्हणून उभा राहिला तर ते गृहीतक नाही. टपरीवर हेच झालं होतं, "काकांशिवाय चालवणारं कोणी नाही" हे काकूंनी उलटवलं आणि मित्राचा निष्कर्ष पडला.

अडचण नकार करताना येते, तिथेच माझे सगळ्यात जास्त मार्क गेलेत. "सगळे"चा नकार "एकही नाही" असा होत नाही, "निदान एक तरी नाही" असा होतो. "काही"चा नकार "एकही नाही". "नेहमी"चा नकार "कधीतरी नाही", "कधीच नाही" हा चुकीचा. "फक्त ठिबकने पाणी वाचतं" याचा नकार "ठिबकने पाणी वाचत नाही" असा नाही, "ठिबकशिवाय इतर मार्गानेही वाचतं" असा आहे. "पाऊस पडला तर सामना रद्द होतो" याचा नकार "पाऊस पडला नाही तर..." असा बिलकुल नाही, तो "पाऊस पडूनही सामना होऊ शकतो" असा आहे. आणि "उपयोगी" उलटवलं की "अपायकारक" होत नाही, नुसतं "उपयोगी नाही" एवढंच होतं. गरजेपेक्षा जास्त जोरात उलटवलं की कुठलाही ऑप्शन निष्कर्ष पाडतो आणि तुम्हाला वाटतं सापडलं गृहीतक.

मराठीतून पेपर देणाऱ्यांना एक जास्तीचा ताप आहे. "सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत" या वाक्याचे मराठीत दोन अर्थ लागतात, एकही पास नाही, किंवा झाले पण सगळे नाही. म्हणून मनात नकार करताना हे वाक्य वापरूच नका, सरळ "निदान एक जण नापास झाला" असं म्हणा. कागदावर एक माणूस काढून त्यावर फुली मारली तरी चालेल, मी मारायचो.

"तर"च्या प्रश्नात मात्र उलटवायचं नाही. तिथे ऑप्शन उताऱ्यात घालायचा, सगळं सलग वाचायचं आणि विचारायचं की आता कुठून निसटता येतं का. निसटता येत असेल तर अजून पुरेसं नाही.

खड्डे नेहमीचेच असतात

शे-दोनशे प्रश्न सोडवले की लक्षात येतं, तेच तेच चार-पाच खड्डे फिरून येतात.

सगळ्यात जास्त येतो तो कारण-परिणामाचा. "अभ्यासिकेत एसी बसवला आणि हजेरी वाढली, म्हणजे एसीमुळे वाढली." गृहीतक: हजेरी वाढायला दुसरं काही कारण नाही. त्याच महिन्यात परीक्षेची तारीख जाहीर झाली असेल तर? मग एसी काय आणि पंखा काय. इथे नवा अनाथ शब्द दिसत नाही, दुसरी वाट बंद केलेली असते. मीमांसकांचा (हीही आपल्याकडची जुनी तत्त्वज्ञ मंडळी) देवदत्त याच जातीचा: देवदत्त दिवसा जेवत नाही तरी जाडजूड आहे, म्हणजे तो रात्री जेवत असणार. याला ते अर्थापत्ती म्हणतात. न बोललेलं काय, तर न जेवता माणूस जाड राहण्याचा दुसरा काही मार्ग नाही. खड्ड्यात शब्द सापडला नाही की "दुसरं कारण नाही" असं म्हणणारा ऑप्शन शोधा. कधीकधी उलटी दिशाही असते, आधी हजेरी वाढली आणि गर्दीत गरम व्हायला लागलं म्हणून एसी बसवला.

दुसरा खड्डा आकड्यांचा. "गेल्या वर्षी अभ्यासिकेतून ८ जण पास, यंदा १२, म्हणजे इथला अभ्यास सुधारला." गेल्या वर्षी मुलं ४० असतील आणि यंदा १२० असतील तर प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलंय. कारणात संख्या आणि निष्कर्षात दर्जा, दर, प्रमाण असं काही असलं की एकूण किती हे कोणीतरी गृहीत धरलेलंच असतं.

तिसरा तुलनेचा किंवा नमुन्याचा: एका रस्त्यावर स्पीडब्रेकरने अपघात कमी झाले म्हणून बाकीच्या रस्त्यांवरही होतील. गृहीतक, ते रस्ते या बाबतीत सारखे आहेत. चौथा योजनेचा, अमुक करा म्हणजे तमुक होईल, यात योजना अमलात आणता येते आणि तिच्यामुळे फायदा खाऊन टाकणारं दुसरं काही घडत नाही हे धरलेलं असतं.

एक उतारा पूर्ण सोडवू

"जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकांनी ठिबक सिंचन घेतल्यापासून एका एकर उसाला लागणारं पाणी बरंच कमी झालं आहे. हे शेतकरी विहिरी आणि बोअरवेलमधूनच पाणी घेतात. तेव्हा जिल्ह्यातला भूजलाचा उपसा आता कमी होईल." हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर अवलंबून आहे?

अ) ऊस हे जास्त पाणी पिणारं पीक आहे.
ब) ठिबक हा उसाचं पाणी वाचवण्याचा एकमेव मार्ग आहे.
क) वाचलेलं सगळंच्या सगळं पाणी नवीन क्षेत्र भिजवण्यासाठी उपसलं जाईल, असं होणार नाही.
ड) ठिबकमुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं आहे.

निष्कर्ष कुठला, तर "तेव्हा" नंतरचा: जिल्ह्याचा एकूण उपसा कमी होईल. कारणात काय आहे? एका एकराचं पाणी. झाला की खड्डा, एकरी पाण्यावरून माणूस एकूण पाण्यावर उडी मारतोय, आणि मधे एकर किती हे कोणी बोललंच नाही. प्रश्नात "अवलंबून" आहे, म्हणजे "तरच". आता ऑप्शन.

अ वाचल्यावर प्रत्येक मराठी माणसाची मान हलते, दुष्काळ आणि ऊस हे आपण पेपरात इतकं वाचलंय की हात आपोआप तिकडे जातो. उलटवा: ऊस जास्त पाणी पीत नाही. मग? जे काही पाणी पितो त्यात बचत झालीच आहे ना. निष्कर्ष जागेवर. अ गेला, खरा असूनही गेला. ब उलटवा: ड्रिपशिवाय इतर मार्गही आहेत. असतील, काय बिघडलं. ड तर विषयच वेगळा, उत्पन्न वाढो न वाढो. क उलटवा: वाचलेलं सगळंच्या सगळं पाणी नवीन क्षेत्र भिजवायला उपसलं जाईल. मग उपसा कसा कमी होणार? निष्कर्ष बसला खाली. उत्तर क.

क मधला "सगळंच्या सगळं" हा शब्द बघा. तिथे "एकही शेतकरी उसाचं क्षेत्र वाढवणार नाही" असं लिहिलं असतं तर ते गृहीतक आवश्यक राहिलं नसतं, दोन-चार शेतकऱ्यांनी अर्धा एकर वाढवला तरी एकूण उपसा कमी होऊ शकतो. चांगले पेपरवाले एवढ्याशा शब्दावर मार्क कापतात. (प्रत्यक्षातही हे घडतंच, पाणी वाचलं की माणूस क्षेत्र वाढवतो, ज्याच्या घरी शेती आहे त्याला क लगेच दिसेल.)

बँकेच्या परीक्षेची वेगळी रीत

इथे उतारा नसतो, एक विधान आणि खाली दोन गृहीतकं. उत्तरं ठरलेली: फक्त एक, फक्त दोन, एक किंवा दोन, दोन्ही नाही, दोन्ही. इथलं विधान बऱ्याचदा युक्तिवाद नसतंच, सूचना, जाहिरात किंवा आवाहन असतं. मग प्रश्न असा वाचायचा: हे बोलणारा शहाणा माणूस आहे असं धरलं, तर हे बोलायला त्याच्या मनात काय असलं पाहिजे?

पुणेकरांना हे विधान तोंडपाठ असेल: "दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा." गृहीतक एक: गुरुवारच्या आधी साठवण्याइतकं पाणी येणार आहे. गृहीतक दोन: शुक्रवारी सकाळी पाणी पूर्ण दाबाने येईल. पहिलं उलटवा, आधीही पाणी येणार नाही, मग साठा कर म्हणण्यात अर्थ काय? पहिलं धरलेलं आहे. दुसरं कोणी धरलेलं नाही, आणि शुक्रवारी कमी दाबाने आणि उशिरा येतं हे तर नोटिशीतच लिहिलेलं असतं. उत्तर फक्त एक.

रीत अशी आहे की सूचना लावणारा धरून चालतो की लोक ती वाचतील, जाहिरात देणारा धरतो की निदान काही लोकांवर परिणाम होईल, आवाहन करणारा धरतो की सांगितलेलं करणं शक्य आहे. पण "सगळे लोक पाळतील", "याशिवाय उपाय नाही", "आमचंच तेल सगळ्यात भारी" यातलं काही धरलेलं नसतं. आपण प्रत्यक्षात बघतो की सूचना कोणी वाचत नाही, सोसायटीच्या लिफ्टमधल्या पाट्यांचं काय होतं ते माहितीये, पण ते ज्ञान पेपरात घेऊन जायचं नाही.

सीसॅटचे पॅसेज

यूपीएससीत पॅसेजखाली दोन विधानं देतात आणि यातली कुठली गृहीतकं वैध आहेत असं विचारतात. इथे तीन गोष्टींत घोळ होतो: पॅसेजमध्ये सरळ लिहिलेलं, पॅसेजवरून निघणारं, आणि पॅसेजच्या खाली धरलेलं. गृहीतक हे पायातलं, अनुमान हे वरच्या मजल्यावरचं. पॅसेज खरा धरल्यावर जे मिळतं ते अनुमान, आणि पॅसेज उभा राहायला जे आधी लागतं ते गृहीतक. लिहिलेलंच परत वेगळ्या शब्दांत दिलं असेल तर ते गृहीतक धरू नका, लिहून टाकलेलं गृहीत कशाला धरेल कोणी.

खरं सांगायचं तर यूपीएससीच्या उत्तरांवर दरवर्षी क्लासवाल्यांत भांडणं होतात, त्यामुळे इथे फार हट्ट करू नका. ८० प्रश्न, १२० मिनिटं, प्रत्येकी अडीच मार्क, चुकलं की एक तृतीयांश कट, आणि २०१५ पासून पेपर फक्त ३३ टक्क्यांनी क्वालिफाय करायचा, म्हणजे २०० पैकी ६६. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट येतं. गृहीतकाच्या प्रश्नात दोन मिनिटांच्या वर गेलात आणि उलटवूनही दोन ऑप्शन उभेच असतील तर सोडा, पुढे जा. एमबीए सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे मात्र एकही गोल रिकामा ठेवू नका.

सराव

दिवसाला दहा प्रश्न पुरेत, पण प्रत्येकाला वही लागते. मी पानाचे तीन उभे भाग करायचो: निष्कर्ष, ऑप्शन बघायच्या आधी माझ्या मनात आलेलं वाक्य, आणि चुकलेल्या ऑप्शनचा नकार. तिसरा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. तीन आठवड्यांनी वही चाळली तेव्हा दिसलं की माझ्या बहुतेक चुका एकाच जातीच्या होत्या, "तरच" विचारलं असताना मी "तर" टिक केलं होतं. तुमच्या वहीत कदाचित नकाराच्या चुका निघतील, किंवा पटलं म्हणून टिक केल्याच्या. एका मित्राच्या चुका निष्कर्ष पकडण्यातच व्हायच्या, त्याला पुढचं सगळं शिकवून काही उपयोग नव्हता, आठवडाभर फक्त रेघा मारायला लावल्या.

प्रश्न कमी पडले तर पेपरातली वाचकांची पत्रं घ्या. लोक तिथे एका दमात कुठून कुठे उड्या मारतात, खड्डेच खड्डे.

आता हा सोडवा, वेळ दीड मिनिट. "या वर्षी ज्या विद्यार्थ्यांनी मोबाईल घरी ठेवून अभ्यासिकेत अभ्यास केला, त्यांचे मार्क बाकीच्यांपेक्षा जास्त आले. म्हणून मोबाईल घरी ठेवला की मार्क वाढतात." आवश्यक गृहीतक कोणतं? एक: मोबाईल जवळ ठेवणाऱ्या कोणालाच चांगले मार्क मिळू शकत नाहीत. दोन: मोबाईल घरी ठेवणारे विद्यार्थी मुळातच बाकीच्यांपेक्षा जास्त मन लावून अभ्यास करणारे नव्हते. तीन: अभ्यासिकेत मोबाईलवर बंदी आहे. चार: मोबाईलमुळे डोळ्यांवर ताण येतो.

उत्तर दोन. एक टिक केलं असेल तर मेसचा भाग परत वाचा. चार केलं असेल तर ऊस.